मेबलनं अन्न टाकलं

"माझ्या हातचं नको म्हणून आजवर कुणी उपाशी उठलेलं नाही," आर्डिस टॉलेफसननं आपल्या नणंदेला ठणकावून सांगितलं, "आणि ही तर उठून कुठे जाणार? हिला पायसुद्धा नाहीत!"

नणंदबाई, म्हणजे कोरीन, तेव्हा गाडीत बसलेली होती. नाताळ उरकला की कोरीन थंडीला घाबरून अ‍ॅरिझोनाला पळते आणि तळ्यावरचा बर्फ पिचायला लागला की परत येते. जाताना भावजयीला एखादा टोमणा मारल्याशिवाय तिची गाडी सुरू होत नाही. यंदाचा टोमणा मेबलवरून होता.

मेबल ही एक अजगरीण. बुटक्या जातीची, मनगटाएवढी जाड, भ्याली की डोकं आत घालून चेंडू करून बसणारी. शाळेच्या विज्ञानाच्या वर्गात काचेच्या पेटीत ती बरीच वर्षं होती आणि त्याच शाळेच्या स्वयंपाकघराची आर्डिस मुख्य होती. दोघींची सेवा साधारण एकदमच संपली. विज्ञानाला नवे मास्तर आले ते सापाला भिणारे निघाले. शाळेनं आर्डिसला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मेबलला द्यायला जागाच नव्हती. आर्डिसनं दोन्ही घरी आणलं. घड्याळ तळघरात गेलं आणि मेबल शिवणाच्या खोलीत.

शाळेत मेबल दर आठवड्याला एक उंदीर गपकन गिळायची. हे उंदीर मेलेले, गोठवलेले, दुकानातून पिशवीत मिळतात; कोमट पाण्यात सैल करायचे आणि चिमट्यात धरून पुढे करायचे. आर्डिसकडे आल्यावरही दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. पण या हिवाळ्यात, नोव्हेंबरअखेरच्या टर्कीच्या सणानंतर, मेबलनं उंदराकडे पाहिलं, जीभ एकदा आत-बाहेर केली आणि तोंड फिरवून घेतलं. पुढच्या आठवड्यातही तेच. त्याच्या पुढच्याही.

"तुला झेपणार नाही ते," कोरीन गाडीची काच खाली करून म्हणाली. "दुलुथला तो सापांचं दुकान चालवणारा आहे, त्याच्याकडे दे. त्याला कळतं त्यातलं."

"मी चारशे पोरांना उकडलेला फ्लॉवर खायला लावलाय."

"पोरं तुला घाबरायची. साप घाबरत नाही."

हे आर्डिसच्या वर्मी लागलं. "हे बघ कोरीन, तू परत येशील तेव्हा मेबल जेवलेली असेल. नाही जेवली, तर मी स्वतः गाडी काढून तिला दुलुथला पोचवीन. मग तर झालं?"

"झालं," कोरीन म्हणाली, आणि हातमोजा काढून काचेतून हात बाहेर काढला. दोघींनी हात मिळवले. आर्डिसचा नवरा मर्ल फावडं घेऊन बाजूला उभा होता. बहीण आणि बायको यांच्यामध्ये न बोलण्याचा त्याला मोठा सराव होता. त्यानं बर्फाकडे पाहिलं.

गाडी वळणाआड गेली आणि आर्डिसनं अ‍ॅप्रनचे बंद करकचून बांधले.

इथे उत्तर मिनेसोटातल्या माणसांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खुळ्यासारखं वाटेल. इथे कुणाला काही खायला दिलं, तर तो पहिल्यांदा "नको" म्हणतो. हे "नको" सभ्यपणाचं. दुसऱ्यांदा दिलं, तर "नको, खरंच नको" म्हणतो. हे संकोचाचं. तिसऱ्यांदा दिलं की मग "बरं, अगदी थोडंसं" म्हणून घेतो आणि बशी चाटूनपुसून लख्ख करतो. पहिल्या हाकेला जो घेतो तो अधाशी, आणि दोनदा विचारून जी थांबते ती कंजूष. आर्डिसनं आयुष्यभर याच हिशेबानं आग्रह केला होता आणि तो कधी चुकला नव्हता.

तेव्हा मेबलचं "नाही" तिनं मनावरच घेतलं नाही. ती उंदीर घेऊन जायची, मेबल तोंड फिरवायची, आर्डिस म्हणायची, "हो, हो, कळलं," आणि दहा मिनिटांनी पुन्हा हजर व्हायची. मग तिसऱ्यांदा. आठवड्यातून एकदा पुरेना, म्हणून एक दिवसाआड झालं. तेही पुरेना, म्हणून रोज सुरू झालं.

"अगं, ती नाही म्हणतेय," मर्ल दारातून म्हणाला.

"लाजतेय."

"साप?"

"शाळेतून घरी आलेली आहे. अजून पाहुण्यासारखं वाटतंय तिला."

"दोन वर्षं झाली."

"तुझी बहीण चाळीस वर्षं येतेय या घरात. अजून कॉफी तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय घेते का?"

मर्लनं बर्फात भोक पाडायचं गिरमिट उचललं. तो मासे धरायला तळ्यावर निघून गेला.

मग आर्डिसनं स्वयंपाकिणीच्या नजरेनं विचार सुरू केला. जेवण गार असेल म्हणून तिनं उंदीर केस वाळवायच्या यंत्राखाली धरून गरम केला. वास आवडत नसेल म्हणून त्याला कोंबडीच्या रश्शाचं बोट लावलं. उजेड नकोसा असेल म्हणून खिडकीला गोधडी लावली. गोंगाट नको म्हणून कपडे धुण्याचं यंत्र बंद केलं, मर्लच्या शर्टांचा डोंगर साठू दिला आणि शिवणाच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला: "शांतता. मेबल." पेटी आधी खिडकीशी होती ती कपाटाशी नेली, तिथून न्हाणीघरात, तिथून परत. पेटीखालच्या विजेच्या पट्टीची ऊब वाढवली, मग कमी केली, मग पुन्हा वाढवली. रोज सकाळी मेबलला उचलून स्वयंपाकघराच्या काट्यावर ठेवायची, ती चेंडू होऊन बसायची, आणि काटा कालच्यापेक्षा किंचित कमी दाखवायचा. तेवढ्यानं आर्डिस पुढचा उंदीर पाण्यात टाकायची.

आता खरं सांगायचं तर प्रश्न कोरीनला दिलेल्या शब्दाचा नव्हता. तोही होता, पण वरवरचा. निवृत्त झाल्यापासून आर्डिसच्या हातचं आवडीनं खाणारं कुणी उरलेलं नव्हतं. मुलं दूर गेली. मर्लला डॉक्टरांनी मीठ बंद केलं. तो समोर येईल ते मुकाट्यानं खायचा, पण बिनमिठाच्या उकडलेल्या माशात कुणाचं काय कसब दिसणार! राहता राहिली मेबल. तीही हातची गेली, तर उद्या सकाळी उठून करायचं काय, हे आर्डिसला माहीत नव्हतं आणि त्याची तिला भीती वाटत होती.

इकडे मर्ल रोज सकाळी पेट्रोल पंपावरच्या टेबलाशी कॉफी प्यायला जात असे. तिथे एक दिवस चर्चच्या नव्या पास्टर आल्या, ब्रिटा निगार्ड. आयोवाहून नुकत्याच बदलून आलेल्या, तरुण, आणि प्रत्येकाची चौकशी करायचा उत्साह अजून न ओसरलेल्या.

"घरी सगळे ठीक?" त्यांनी विचारलं.

मर्लनं कॉफीत पाहिलं. "मेबल जेवत नाही," तो म्हणाला. "टर्कीच्या सणापासून. आर्डिस पार खचलीय."

"अरे देवा. काहीच नाही?"

"पाणी तेवढं घेते."

"वय काय त्यांचं?"

"बरंच आहे. शाळेत होती. नंतर कुणी ठेवून घेईना, म्हणून आर्डिसनं घरी आणलं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. टेबलाशी आणखी दोन प्रश्न विचारले गेले असते तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. पण दुसऱ्याच्या घरातल्या आजारपणाबद्दल जास्त खोदून विचारणं या भागात चोरीएवढं वाईट समजतात. पास्टरबाईंनी डोळे पुसले, आणि दुपारच्या आत चर्चची प्रार्थनेची साखळी सुरू झाली.

ही साखळी म्हणजे एकीनं दुसरीला फोन करायचा, दुसरीनं तिसरीला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं डोळे मिटायचे. पण नुसत्या प्रार्थनेवर भागत नाही. पाठोपाठ हॉटडिश येते. खिमा, मशरूमच्या सूपचा डबा, वर बटाट्याच्या गोळ्यांची फरशी, सगळं काचेच्या भांड्यात भाजायचं, भांड्याच्या बुडाशी नावाची चिकटपट्टी लावायची आणि दुखणाइताच्या दारी नेऊन ठेवायची.

पहिली हॉटडिश वर्ना स्कोग्लंडनं आणली. आर्डिसनं दार उघडलं, भांड्याकडे पाहिलं आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जिच्या हाताखाली ही वर्ना बारा वर्षं बटाटे सोलत होती, तिच्या घरी हिनं शिजवलेलं आणावं?

"हे काय?"

"काही नाही. जरा जास्तीचं झालं होतं," वर्ना म्हणाली. "मेबलसाठी."

"मेबल हे खात नाही."

"हो, ऐकलं," वर्ना हळुवार आवाजात म्हणाली, आणि आर्डिसचा हात दाबला. "मग तुम्ही दोघं तरी खा."

आर्डिसला वाटलं, वर्नाला माहीतच आहे. शाळेत सगळ्यांना मेबल माहीत होती. पण वर्ना भटारखान्यातून कधी वर्गांकडे फिरकली नव्हती. दार लागलं. दुसऱ्या दिवशी तीन भांडी आली. तिसऱ्या दिवशी पोर्चवर भांड्यांची रांग लागली, थंडीनं आपोआप गोठलेली. बाया येत, पायरीवर कुजबुजत, "आता कशी आहे?" विचारत, आणि आर्डिसला मोठं नवल वाटे की एका सापाबद्दल लोकांना किती माया! तिला जरा बरंही वाटलं. कोरीनला हे सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं.

भांड्यांतलं कोण खात होतं, हे तिनं विचारलं नाही. मर्ल हल्ली गॅरेजमध्ये बराच वेळ असायचा आणि शिट्टी वाजवत परतायचा.

घोटाळा लक्षात आला तो पास्टर ब्रिटा भेटीला आल्या त्या दिवशी. आर्डिस शिवणाच्या खोलीबाहेर उंदराला केस वाळवायच्या यंत्रानं शेक देत होती. बेल ऐकू आली नाही. मागे वळते तो पास्टरबाई हातात प्रार्थनेचं पुस्तक घेऊन समोर उभ्या! आर्डिसनं उंदीर झटकन पाठीमागे धरला. पाहुण्यांना हातात उंदीर दाखवायची पद्धत मिनेसोटातही नाही.

"मर्लनी आत सोडलं," पास्टर म्हणाल्या. त्यांनी दारावरचा कागद वाचला आणि आवाज आणखी खाली आणला. "झोपल्यात?"

"चेंडू होऊन पडलीय."

"अरेरे. दुखत असेल." पास्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आत जाऊन त्यांचा हात धरला तर चालेल?"

आर्डिसनं तोंड उघडलं. आणि मग हळूहळू, कपाटातली भांडी एकावर एक घसरत यावीत तसं, पोर्चवरच्या एकेका भांड्याचा अर्थ तिच्या ध्यानात येऊ लागला. पाठीमागचा उंदीर गरम होता आणि त्याचा रस्सा तिच्या मनगटावरून ओघळत होता.

"हात नको," ती म्हणाली. "म्हणजे, आज नको."

"समजलं. मी इथूनच प्रार्थना करते." पास्टरबाईंनी दारावर तळवा टेकवला, डोळे मिटले, आणि मेबलला भूक लागो, तिच्या म्हातारपणाच्या हाडांना ऊब मिळो, आणि देवानं तिला आपल्या हातानं भरवो, अशी इतकी मनापासून प्रार्थना केली की आर्डिसनंही शेवटी "आमेन" म्हटलं. मग त्यांनी हात मिळवायला हात पुढे केला. आर्डिसनं डावा दिला.

त्या गेल्यावर आर्डिस स्वयंपाकघरात येऊन बसली. "तू त्यांना काय सांगितलंस?"

"मेबल जेवत नाही असं," मर्ल म्हणाला. "खरं ते सांगितलं."

"ती साप आहे हे सांगितलंस?"

मर्लनं विचार केला. "विचारलं नाही कुणी."

"मग जाऊन सांग आता."

"इतक्या लोकांनी खायला आणल्यावर?" मर्ल म्हणाला, आणि ओठाच्या कोपऱ्यातलं मशरूमचं सूप हळूच पुसलं.

रविवारी चर्चमध्ये मात्र सांगावंच लागलं. पास्टरबाईंनी मेबलचं नाव घेऊन प्रार्थना केली, तिथवर आर्डिस मान खाली घालून बसली. पण पुढे त्या म्हणाल्या, की आर्डिसला विश्रांती मिळावी म्हणून चर्चच्या बायकांनी आळीपाळीनं मेबलच्या उशाशी बसावं. वर्नाचा हात सगळ्यात आधी वर गेला. मग दुसरा, तिसरा. आर्डिसच्या डोळ्यांपुढे वर्ना खुर्ची ओढून, विणकाम काढून, गोधडी बाजूला करते आहे असं चित्र उभं राहिलं. ती उठली.

"मेबल साप आहे," ती म्हणाली.

बाकांवरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"अजगर. पाळलेला. तुम्ही कुणी विचारलं नाही आणि मला आधी कळलं नाही, नंतर कळलं तर सांगवलं नाही. पण मी लाजणार नाही. माझ्या घरातला जीव आहे, जेवत नाही आणि मला काळजी वाटते. ज्यांना प्रार्थना परत हव्यात त्यांना मी देऊ शकत नाही. भांडी हवी असतील तर धुऊन ठेवलीत, घेऊन जा." आणि ती दाणकन बसली.

वर्नानं वर केलेला हात खाली घेतला आणि ती म्हणाली, "हं. हे जरा वेगळंच आहे."

या भागात याहून कडक शेरा नाही. आर्डिसला वाटलं, संपलं सगळं. पण प्रार्थनेनंतर सगळे चर्चच्या तळघरात कॉफी प्यायला जमले तेव्हा वर्ना तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिनं बिस्किटाचा तुकडा मोडला, चावला, गिळला आणि म्हणाली, "कोंबडीचा रस्सा लावून पाहिलास?"

मग काय विचारता! प्रत्येकीला काहीतरी सुचलं. कुणी लोणी सांगितलं, कुणी रेडिओ लावायला. हॉटडिशबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. पास्टर ब्रिटा तेवढ्या जरा फिकटलेल्या दिसत होत्या.

"मी सापाला भूक लागो म्हणून देवाकडे मागणं केलं," त्या म्हणाल्या. "एदनच्या बागेत सापानं काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"आहे की," आर्डिस म्हणाली. "तिथेही त्यानं फळ दुसरीला दिलं, स्वतः नाही खाल्लं. जातच तशी."

पास्टरबाई हसल्या, आणि मग त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "तुम्ही कुणा डॉक्टरला विचारलंत का हो?"

आर्डिसनं विचारलेलं नव्हतं. जेवायला घालण्याच्या बाबतीत दुसऱ्याचा सल्ला घ्यायचा म्हणजे तिला हार वाटायची. पण सोमवारी तिनं दात-ओठ खात फार्गोच्या एका जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. ते साप बघायचे. नाव रेनो.

"तोंडातून फेस? श्वास घेताना शिट्टी?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"वजन?"

"थोडं उतरलंय. फार नाही."

"मग घाबरू नका. ही जात हिवाळ्यात महिनोन् महिने उपास काढते. किती वेळा देता खायला?"

"रोज तीनदा."

"दर आठवड्याला तीनदा, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"रोज. पहिल्या दोन नाहींना इकडे कुणी मोजत नाही."

"बाई," डॉक्टर म्हणाले, "सापाला मिनेसोटाची रीतभात ठाऊक नसते. तो पहिल्यांदा नाही म्हणतो तेच खरं. तुम्ही पेटी रोज उघडता? हलवता? उचलून वजन करता?"

गोधडी, न्हाणीघर आणि काटा यांची हकीगत डॉक्टरांनी आर्डिसकडून एकेक प्रश्न विचारून काढून घेतली.

"त्या बिचारीला वाटत असेल, कुणीतरी आपल्याला रोज पकडतंय. घाबरलेला साप जेवत नाही. आता असं करा, काहीच करू नका. पेटी जुन्या जागी ठेवा, पाणी बदला, बाकी दोन आठवडे तिकडे फिरकू नका. मग एकदा उंदीर ठेवा आणि निघून जा."

"निघून म्हणजे कुठे?"

"दुसऱ्या खोलीत."

"आणि तिला काही लागलं तर?"

"तिला तुम्ही नाही लागत," डॉक्टर म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता.

ते दोन आठवडे कसे गेले ते आर्डिसला विचारू नका, मर्लला विचारा. सगळा आग्रह त्याच्या एकट्याच्या ताटावर येऊन कोसळला. वर्नाबिर्नांची भांडी परत गेली होती, गॅरेज रिकामं पडलं होतं. मर्ल बिनमिठाचा मासा तोंडात घालायचा आणि आर्डिस खुर्चीमागे उभी. "कसा झालाय? गार नाही ना? अजून घे. बटाटा राहिला. का टाकलास?" मर्ल चघळत खिडकीबाहेर बघायचा. बाहेर तळ्यावरचा बर्फ करडा होत चालला होता.

आणि दोन आठवडे पुरे झाले त्याच दिवशी दुपारी दारात गाडी थांबली. कोरीन. उन्हानं रापलेली, डोक्यावर रुंद टोपी.

"जेवली?" तिनं कोटही न काढता विचारलं.

"नाही," आर्डिस म्हणाली.

"मग दुलुथला कधी निघायचं?"

"निघायचं नाही."

"हात मिळवला होतास."

"मिळवला होता. शब्द मोडते." आर्डिसनं कंबरेवर हात ठेवले. "सगळ्या गावाला सांग, आर्डिस खोटारडी आहे म्हणून. कॉफीला सांग, चर्चमध्ये सांग. मी तिथे याहून वाईट सांगून बसलेय. चारशे पोरं जेवायची माझ्याकडे, कोरीन. आता एक मर्ल आहे, त्याला मीठ चालत नाही, आणि ही आहे, हिला काहीच चालत नाही. तरी ती माझी आहे. जेवो की न जेवो, मी देणार नाही."

कोरीननं टोपी काढली आणि खुर्चीवर ठेवली. "मला साखळीचा फोन आला होता," ती म्हणाली. "तिकडे, अ‍ॅरिझोनात. मेबलसाठी प्रार्थना करा म्हणून."

"तू सांगितलं नाहीस त्यांना साप आहे असं?"

"विचारलं नाही कुणी. मी पुढच्या बाईला फोन केला. तिच्या चर्चनं पण केली प्रार्थना." तिनं घसा खाकरला. "पण नुसत्या प्रार्थनेनं काय होतंय? आज उंदीर द्यायचा होता ना? मर्ल म्हणाला फोनवर. कुठाय तो?"

उंदीर कोमट पाण्यात तयार होता. आर्डिसनं तो चिमट्यानं नेऊन मेबलच्या लपायच्या डब्यासमोर ठेवला आणि सवयीनं पाऊल मागे घेऊन उभी राहिली. कोरीननं तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं आणि दार लावलं.

"मी फक्त बघत होते."

"तू बघत नाहीस, डोक्यावर उभी राहतेस. माझ्या लग्नात तू माझ्या मागे उभं राहून तीनदा बटाट्याचं सॅलड वाढलंस. मला नको होतं."

"मग नको म्हणायचं होतंस."

"तीनदा म्हटलं!"

दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या. कोरीननं कॉफी ओतली, आर्डिसला हात लावू दिला नाही. आर्डिसनं हात मांडीवर ठेवले. ते तिथे काय करतात ते तिला समजेना. मर्ल आपल्या कपात बघत बसला. अ‍ॅरिझोनातल्या संत्र्यांच्या भावावर बोलणं झालं. चर्चच्या गळक्या छपरावर झालं. आर्डिस दोनदा उठली आणि दोनदा कोरीननं तिच्या अ‍ॅप्रनचा बंद धरून तिला खाली बसवलं.

आणि मग शिवणाच्या खोलीतून आवाज आला. थप्प.

तिघं दाराशी कधी पोचले ते कुणालाच कळलं नाही. फटीतून पाहिलं तर मेबलनं उंदराला तीन वेढे घातले होते आणि ती निवांतपणे त्याचं डोकं शोधत होती, घाई नाही, संकोच नाही. आर्डिसच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. "बघितलंस?" ती कुजबुजली. "माझ्याच हातचं खाल्लं."

"तुझ्याच हातचं," कोरीन म्हणाली. "पण तुझ्या माघारी."

त्या रात्री आर्डिसनं नणंदेला जेवायला ठेवून घेतलं. कोरीननं फक्त दोनदा "नको" म्हटलं. आर्डिस खुशीत होती. तिनं मर्लच्या ताटात मासा वाढला, बटाटा वाढला, वरून आणखी बटाटा वाढला, आणि खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"गार नाही ना?"

मर्लनं काटा खाली ठेवला. ताट उचललं. तो उठला, शिवणाच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

कोरीन शांतपणे मासा खात होती. शेवटी आतून मर्लचा आवाज आला.

"आर्डिस, तू दाराशी उभी आहेस का?"

"नाही," आर्डिस दाराला कान लावून म्हणाली. "बटाटा संपला का?"